रोवणीत सगळ्यांचीच लुगडी ओली

सरळच लिहिते, नाहीतर हे कधी लिहून व्हायचे नाही. अठराव्या वर्षी पहिले बाळंतपण झाले आणि त्यानंतर सव्वातीन वर्षे माझी लघवी थांबत नव्हती. बसले तरी, उठले तरी, निजले तरी थेंब थेंब गळतच राहायची. हा आजार अडलेल्या बाळंतपणातून होतो आणि तो बरा होतो. माझा झाला. शेजारच्या गावातली एक सून वर्षभर गोठ्यात राहते आहे असे परवा कानावर आले, म्हणून मी चौथी शिकलेली बाई कागद घेऊन बसले. तिला वाचता येत नाही. तिच्या नवऱ्याला येते. त्यानेच वाचावे.

मला लाज दोन गोष्टींची वाटत आली. एक आजाराची, ती दवाखान्यात गेली. दुसरी माझ्या तोंडाची आहे. तिला औषध नाही, आणि ती वगळून हा आजार सांगता येत नाही.

दारातली सुईण

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. पण माझे माहेर नागभीडच्या पुढे, चांद्याच्या वाटेवर. चांद्याच्या पलीकडे तेव्हा निजामाचे राज्य होते, आणि तिकडे रझाकार गावे जाळतात अशा बातम्या येत होत्या. अठ्ठेचाळीस सालची गोष्ट. वडिलांनी निरोप धाडला की पोरीला इकडे आणू नका, आमचाच पाय घरात ठरत नाही. म्हणून मी सासरी राहिले. आमचे गाव सौंदडपासून दोन कोसांवर, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, आणि मध्ये चाळीसेक घरे.

गावात सुईण एकच, जैतुनबी. निम्मे गाव तिच्या हातावर जन्मले होते, माझा नवरासुद्धा. तिचा एक नेम होता. कळा सुरू झाल्यापासून दिवस मावळेपर्यंत ती बाईजवळून हलायची नाही. तोवर सुटका झाली नाही, तर हात धुऊन बाहेर यायची आणि घरच्या पुरुषाला सांगायची, "बंडी जुपा. हे माज्या हातचं नाई. गोंदियाले न्या." कोणी कुरकुर केली तर स्वतः बैल सोडून आणायची. तिच्या या हट्टामुळे गावातल्या तीन बाया जिवंत होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होते.

पण त्या भादव्यात गावाला दुसरेच काही ठाऊक झाले. जैतुनबीची मुलगी राजुऱ्याकडे, म्हणजे निजामाच्या हद्दीत दिलेली. उन्हाळ्यात ती लेकीकडे जाऊन आली होती. तेवढे पुरले. कोणी म्हणे ती रझाकारांसाठी गावातली घरे मोजते. कोणी म्हणे तिच्या ट्रंकेत विषाच्या पुड्या आहेत. विहिरीवरून येणारी प्रत्येक बाई माझ्यापाशी टेकायची आणि नवे काहीतरी सांगून जायची. मला पोट सांभाळत ऐकण्यावाचून काम नव्हते. मी सगळे खरे मानले.

कळा सकाळी सुरू झाल्या. गावचे पुरुष लाठ्या घेऊन नाल्यावर पहाऱ्याला गेलेले, त्यांत माझा नवराही. सासूने, म्हणजे आत्याबाईंनी, कोणाला न विचारता जैतुनबीला बोलावणे धाडले. ती आलीही. दारात उभी राहून तिने पाणी तापवायला सांगितले, तिचा आवाज मला ऐकू आला. आणि मी आतून ओरडले, "तिचा हात नोको लागू देऊ मले! मारून टाकल ते! निजामाची हाय ते, हाकला तिले!"

आणखीही काही बोलले. ते लिहीत नाही.

जैतुनबीची पावले अंगणातून लांब गेली. आत्याबाई दाराबाहेर गेल्या, थोड्या वेळाने एकट्याच परत आल्या, आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसल्या.

तीन दिवस

त्या तीन दिवसांतले मला सगळे आठवत नाही. शेजारची म्हातारी पोट दाबत होती एवढे आठवते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने बंडी जुंपली. चार जणांनी त्याला अडवले, नाल्यापलीकडे माणसे दिसली म्हणाले, आणि गाड्या आता फौजेशिवाय कोणाला घेत नाहीत म्हणाले. स्टेशन दोन कोसांवर होते. तिथे जाऊन विचारायची बुद्धी एकालाही झाली नाही. आमच्या गावात रझाकार कधीच आला नाही. त्याचे नाव आले, आणि तेवढ्यानेच रस्ता बंद पडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा झाला. तो रडला नाही. दोनेक दिवसांनी बातमी आली की निजाम शरण गेला, लढाई संपली. गावात गूळ वाटला. आमच्या घरीही आणून दिला.

मूल झाले त्याच संध्याकाळी नवरा आत आला तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्याने आईला विचारले, "जैतुनबीले काऊन नाई बोलावलं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिले असावे, कारण उत्तर यायला उशीर लागला. मग त्या म्हणाल्या, "आली होती. म्याच तिले दारातून वापस पाठवलं."

मी जागी होते. मी डोळे उघडले नाहीत. एक शब्द बोलायचा होता, तो बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी ते पहिल्या दिवसाहून अवघड होते. हळूहळू सगळ्या गावाने ते आत्याबाईंच्या नावावर लावून टाकले. नातू खाल्ला म्हणायचे लोक. नवरा त्यांच्याशी बोलेनासा झाला. एका घरात राहून, काही सांगायचे तर माझ्या तोंडून सांगायचा, आणि मी ते निरोप पोचवत होते.

ओले लुगडे

पाचव्या दिवशी लक्षात आले की अंथरूण सुकतच नाही. आधी वाटले बाळंतपणाचे असेल. महिना झाला, दोन झाले. जुन्या धोतरांच्या घड्या करून कमरेला बांधायचे, दिवसातून दहा वेळा बदलायचे, तळ्यावर जाऊन धुवायचे. मांड्या सोलून निघाल्या. वास तर माझ्या आधी घरात शिरायचा. लग्नाला जाणे बंद, हळदीकुंकू बंद, देवळाची पायरी बंद. नवऱ्याने पुष्कळ दिवस निभावले आणि मग खाट ओसरीवर नेली. मी त्याला दोष देत नाही, मलाही माझ्याजवळ झोपवत नव्हते.

आत्याबाईंनी मात्र मला गोठ्यात जाऊ दिले नाही. बायकांनी सुचवले होते. "घरची सून घरात राहन," एवढेच म्हणाल्या, आणि चुलीच्या मागे उबेला माझे अंथरूण घातले. माझ्या घड्या त्या स्वतः धुवायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

मग मी एक शहाणपणा केला. पाणी तोडले. सकाळी दोन घोट, दुपारी भाताबरोबर दोन घोट. कमी प्यायचे म्हणजे कमी गळेल, असा माझा हिशेब. गळणे थांबले नाही, उलट आग व्हायला लागली आणि वास दुप्पट झाला. तरी ती सवय मी सोडली नाही. ज्या बाईला हा आजार आहे ती हे करतेच, म्हणून मुद्दाम लिहिते. करू नका.

वर्षातला एकच काळ मला माणसांत नेणारा होता, तो म्हणजे रोवणी. पोटरीभर चिखलात वाकून रोपे लावायची, वरून पाऊस, खालून पाणी. सगळ्यांचीच लुगडी ओली. त्यात माझे कोणते आणि पाण्याचे कोणते, कोण बघतो? मी रोवणीची गाणी म्हणायची, चेष्टा करायची, सर्वांत पुढे हात चालवायची. बाया माझ्याबद्दल म्हणायच्या, भागरता रोवणीत जिवंत होते. खरेच होते ते.

जैतुनबीने पाहिले

तिसऱ्या वर्षीच्या रोवणीत एकदा दुपारी ऊन पडले. सगळ्याजणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकरी खायला बसल्या. जैतुनबीही मजुरीला आली होती. लढाईनंतर लोक तिला पुन्हा बोलावू लागले होते, जणू काही झालेच नव्हते. मी तिच्या नजरेस कधी पडत नसे. ती वाट बदलत नव्हती, मीच बदलायची.

जेवणे झाली. उन्हाने सगळ्यांची लुगडी अर्धी सुकली. माझे सुकले नव्हते. जैतुनबी उठून माझ्याजवळ आली, बाकीच्यांकडे पाठ करून बसली आणि हळू विचारले, "कवापासून गळून राहिलं?"

मी लुगड्याचा काठ पायाखाली घेतला.

"त्या पोरापासून?"

मी मान हलवली. ती आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "रोग नाई हा. आत फाटलं हाय. शिवता येते. गोंदियाले डॉक्टरीन हाय, तिनं सालेकशाकडच्या एका बाईचं शिवलं. जाशीन काय?"

"घरचे नाई पाठवत," मी म्हटले. तेही खोटेच. मी घरी कधी विचारलेच नव्हते.

"मी बोलतो तुज्या नवऱ्यासंग," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी येऊन ओसरीवर उभी राहून बोललीही. ज्या दारातून मी तिला हाकलले, त्याच दारात. आत्याबाई तिच्याकडे आणि ती आत्याबाईंकडे बघत होती. मी चुलीमागे बसले होते. भुई दुभंगावी असे वाटते म्हणतात ते काय, ते मला तेव्हा कळले.

निदानाचा दिवस

गाडीत मी दाराजवळ उभी राहून गेले, बाकावर बसले तर डाग पडेल म्हणून. गोंदियाला सगळीकडे हिंदी. डॉक्टरीणबाई उंच, चष्म्याची, घाईची. तपासताना तिने नाकाला पदर लावला नाही, एवढ्यावरच मी रडले.

"कितने दिन दर्द में रही?" तिने विचारले.

"तीन."

"लाये क्यों नहीं?"

नवरा पडद्याबाहेर होता. तिथूनच त्याने सांगितले, लढाई होती बाई, गाड्या बंद होत्या.

ती हात धूत होती. म्हणाली, "कौन बोला? उसी हफ्ते सौंदड से एक औरत आयी थी मेरे पास. रेल से. देर से आयी, मगर आयी. बच्चा अच्छा है उसका."

बाहेर आले तर तो भिंतीला टेकून खाली बसला होता. घरी जाऊन तो स्वतःवरचा राग आईवरच काढणार हे मला तेव्हाच कळले, आणि तरीही मी गप्प राहिले.

पाणी

मूल फार वेळ अडून राहिले म्हणून आत भोक पडले होते, ते शिवायचे. शिवल्यावर दोन आठवडे नळी ठेवायची आणि सारखे पाणी प्यायचे, म्हणजे नळी वाहती राहते. नळी तुंबली तर टाके उसवतात. डॉक्टरीणबाईने हे तीनदा सांगितले. "पानी पियो, बाई. घडा खाली करो."

दवाखान्याचा दिवस पहाटे झाडूच्या आवाजाने सुरू व्हायचा. मग पेज, मग चादरी, मग डॉक्टरीणबाईची फेरी, दुपारी भात आणि पातळ वरण. सगुणाबाई नावाची आया दर तासाला तांब्या भरून ठेवायची. आणि मी तिची पाठ वळली की तांब्या खिडकीतून ओतायची. वेड लागले होते म्हणा. तीन वर्षे पाणी म्हणजे बेअब्रू हे अंगात भिनलेले. घशाखाली घोट उतरवायला गेले की वाटायचे, आता भिजणार, आता सगळ्यांसमोर भिजणार.

सहाव्या दिवशी नळी तुंबली. सातव्या दिवशी मी पुन्हा ओली.

डॉक्टरीणबाई सगुणाबाईवर कडाडली. पाणी दिले नाही, लक्ष दिले नाही, कामावरून काढते म्हणाली. सगुणाबाई शपथा घेत होती. आणि मी, इतके होऊनही, चादर ओढून डोळे मिटून पडले. तसेच. भिंतीकडे तोंड करून.

माझ्या शेजारच्या खाटेवर जेठीबाई नावाची सिंधी बाई होती. फाळणीत सिंधमधून निघून आलेली. गोंदियात तिच्या नवऱ्याने कापडाची फेरी सुरू केली होती. निघताना सातवा महिना होता, कराचीच्या धक्क्यावर गर्दीत बाळंत झाली, मुलगी बोटीवरच दगावली. तेव्हापासून तिला काही ना काही दुखणे लागलेलेच. ती फार बोलत नसे. डॉक्टरीणबाई गेल्यावर ती उठून माझ्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "मैंने देखा है. रोज देखा है, खिडकी से."

मी म्हटले, "मंग सांगितलं काऊन नाई?"

"मैं क्यों बोलूँ? मुँह तेरा है." मग म्हणाली, "वहाँ धक्के पर एक भी दाई नहीं थी. एक भी. होती तो मैं उसके पाँव का पानी पीती. और तुझे लोटा भर के देते हैं, तू फेंकती है."

मला तिचा फार राग आला. सगळे खरे असल्यामुळे आला. संध्याकाळच्या फेरीला डॉक्टरीणबाई आली तेव्हा मी उठून बसले आणि सांगितले. सगळ्या खोलीसमोर. सगुणाबाई पण होती. डॉक्टरीणबाई मला पाच मिनिटे तरी बोलली असेल, त्यातले अर्धे मला कळले नाही आणि अर्धे चांगलेच कळले. शेवटी म्हणाली, "तीन महीने बाद आना." ती पुन्हा शिवायला तयार होती हे मला बाहेर आल्यावर समजले.

दुसऱ्या वेळी सगुणाबाई तांब्या देऊन समोर उभी राहायची. हसून म्हणायची, "पी माय, माजी नोकरी हाय त्यात." चौदाव्या दिवशी नळी काढली. मी तासभर हललेच नाही. मग चादरीखाली हात घातला. कोरडे होते. दुसऱ्या दिवशीही कोरडे होते. परतीच्या गाडीत मी बाकावर बसले, खिडकीजवळ, आणि सौंदड येईस्तोवर उठले नाही.

राहिलेले

बरी झाले. खाट आत आली. लोक लग्नाला बोलवू लागले. आत्याबाई मात्र तिथेच राहिल्या, नातू खाल्लेली म्हणून, लेकाशी अबोला असलेली म्हणून. माझे अंग कोरडे झाले आणि त्यांच्या माथ्यावरचे तसेच. दवाखान्यात अनोळखी माणसांसमोर खरे बोलले ते घरी बोलायला मला आणखी तीन वर्षे लागली. याला काय म्हणावे?

पुन्हा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईने बजावले की हे मूल दवाखान्यातच झाले पाहिजे. मी आधी जैतुनबीकडे गेले. ती अंगणात धान पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले, "त्या दिवशी माझ्या सासूनं नाई हाकललं तुले. मी हाकललं."

तिचे सूप थांबले नाही. "मले मालूम हाय. म्या दारात होतो. आवाज तुजाच होता."

"मंग रोवणीत माझ्याजवळ कायले आलीस?"

"गळून राहिली होतीस म्हणून." मग तिने सूप खाली ठेवले. "तुजी सासू माज्या मागं धावत आली होती. कुंभाराच्या घरापावेतो. रस्त्यात माजे पाय धरले तिनं. पोर हाय, भेली हाय, वापस चाल म्हने." ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्या नाई फिरलो. राग आला होता मले. तुजं पोरगं मेल्यावर म्या दोन दिवस जेवलो नाई. हे कोनाले सांगितलं नाई आजवर."

तिने सूप पुन्हा उचलले. माफी मी मागितली नाही, तिनेही मागितली नाही.

घरी आले. नवरा नुकताच शेतातून आला होता, ओसरीवर पाय धूत होता. आत्याबाई दारात तांदूळ निवडत होत्या. बसले असते तर पुन्हा राहून गेले असते, म्हणून मी उभ्यानेच बोलले. जैतुनबीला मी हाकलले. आत्याबाई तिच्या मागे धावल्या, त्यांनी तिचे पाय धरले. सहा वर्षे मी गप्प बसले.

नवऱ्याने लोटा खाली ठेवला. मग तो आईकडे वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्याशी बोलला, "मंग तू काऊन नाई बोललीस, माय?"

"तू हिले माहेरी धाडलं असतं," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडे जाळपोळ चालू होती. ओल्या अंगाची पोर, कुठं गेली असती?"

तो माझ्याकडे आला. मला वाटले मारतो. मारायलाच पाहिजे होते. आत्याबाई तांदळाचे ताट बाजूला सारून उठल्या आणि आमच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"तिले काही बोलू नोको," त्या म्हणाल्या. "पोटुशी हाय."